चाकावरची काळी पूड

चंदेरी अलॉय व्हील असलेली गाडी रविवारी धुवावी आणि शुक्रवारी तिच्याकडे नीट पाहावे. मागची चाके बऱ्यापैकी उजळ असतात, पुढची मात्र काळवंडलेली. बोट फिरवले तर काळसर तपकिरी पूड लागते. ही रस्त्यावरची माती नव्हे, डांबर नव्हे आणि इंजिनाची काजळीही नव्हे. ब्रेक दाबताना झिजलेल्या पॅडचा आणि डिस्कचा हा चुरा आहे. तो कमी कसा करायचा असे गॅरेजमध्ये विचारले, तर बहुधा "सिरॅमिक पॅड टाका, साहेब" एवढेच उत्तर मिळते. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. किती पूड पडणार हे पॅडवर ठरते, डिस्कवर ठरते, दोघांच्या जोडीवर ठरते आणि चालवणाऱ्याच्या पायावरही.

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. 1200 किलो वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटर वेगाने धावते तेव्हा तिच्या गतीत सुमारे 3 लाख ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत जवळपास एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. गाडी थांबवली की ही सगळी उष्णता काही सेकंदांत ब्रेकमध्ये उतरते, आणि ती चारही चाकांना सारखी वाटली जात नाही. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे कलतो, त्यामुळे साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त काम पुढच्या ब्रेकवर येते. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि त्यांचा चुरा बराचसा ड्रमच्या आतच राहतो. पुढची चाके आधी काळी पडतात ती यामुळे.

पॅडमध्ये काय काय असते

ब्रेक पॅड म्हणजे पोलादी पाठपट्टीवर बसवलेली घर्षणद्रव्याची वडी. ही वडी एका पदार्थाची नसते. तिच्यात दहा-वीस घटक असतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. सगळ्यांना धरून ठेवणारा फिनॉलिक रेझिन, बळकटीसाठी पोलादाचे, ॲरामिडचे किंवा खनिजांचे तंतू, डिस्कला घासण्यासाठी ॲल्युमिनासारखे कठीण कण, घर्षण एकसारखे राहावे म्हणून ग्रॅफाइटसारखी वंगणे, आणि उरलेली जागा भरायला बेरियम सल्फेट. यात आपल्या कोकण-गोव्याच्या बागायतदाराला ओळखीचा वाटेल असाही एक घटक आहे. काजूच्या टरफलांच्या तेलापासून तयार केलेली रेझिनची भुकटी जगभरच्या पॅडमध्ये वापरली जाते. ती उष्णता सोसते, घर्षण सांभाळते आणि आवाज कमी करते.

पॅडच्या समोर असते डिस्क, म्हणजेच रोटर. ती सहसा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बीड स्वस्त असते, उष्णता चांगली वाहून नेते, आणि त्यात विखुरलेले ग्रॅफाइटचे पापुद्रे कंपने जिरवतात. त्याचा दोष म्हणजे ते झिजते आणि गंजते. चाकावरच्या पुडीचे पृथक्करण केले तर तिच्यात सर्वांत जास्त लोखंड आणि लोखंडाची ऑक्साइडे सापडतात. त्यातला मोठा भाग पॅडचा नसून डिस्कचा असतो. पावसाळ्यानंतर रिमवर तांबूस ठिपके उठतात आणि शाम्पूने जात नाहीत. रंगाच्या वरच्या पारदर्शक थरात रुतून बसलेले हे लोखंडाचे कण तिथेच गंजलेले असतात.

घासून थांबणे आणि चिकटून थांबणे

पॅड आणि डिस्क यांच्यात घर्षण दोन प्रकारे निर्माण होते. पहिला प्रकार सरळ घासण्याचा. पॅडमधले कठीण कण डिस्कचा पृष्ठभाग खरवडतात, डिस्क झिजते आणि पॅडही झिजतो. दुसरा प्रकार चिकटण्याचा. पॅडमधल्या द्रव्याचा अगदी पातळ थर डिस्कवर चढतो, आणि पुढे पॅड त्या थराला धरतो आणि सोडतो. हा थर म्हणजे बिडाच्या नव्या तव्यावर तेल मुरवून तयार केलेला थर समजा. तो एकसारखा बसला की खालचे लोखंड वाचते.

कोणताही पॅड पूर्णपणे एकाच प्रकारचा नसतो, पण कल मात्र ठरलेला असतो. जर्मन गाड्यांच्या पुढच्या चाकांवर इतकी पूड का दिसते, याचे उत्तर या कलात आहे. जर्मनीत ऑटोबानच्या कित्येक पट्ट्यांवर वेगमर्यादा नाही. तिथल्या ग्राहकाला ताशी 200 किलोमीटरवरूनही पहिल्याच दाबाला पकडणारा ब्रेक हवा असतो. 'आउटो मोटोर उंट श्पोर्ट' या जर्मन नियतकालिकाची ब्रेक चाचणी उद्योगात प्रसिद्ध आहे. तिच्यात गाडी ताशी 100 किलोमीटरवरून लागोपाठ दहा वेळा थांबवतात आणि तापलेला ब्रेक किती ढिला पडतो ते पाहतात. अशा कसोटीला उतरायचे तर घासणारा, 'लो-मेटॅलिक' जातीचा पॅड सोयीचा पडतो. तो डिस्कही खातो. युरोपात पॅडसोबत डिस्क बदलण्यात कुणाला नवल वाटत नाही.

जपान आणि अमेरिका इथली मागणी वेगळी होती. वेगमर्यादा कमी, ग्राहकाला आवाज नको, रिम काळे नकोत आणि डिस्क जास्त टिकायला हवी. तिथे चिकटण्याकडे कल असलेले, ॲस्बेस्टॉसविरहित सेंद्रिय पॅड रुळले. त्यांना उद्योगात 'एनएओ' म्हणतात. सिरॅमिक पॅड याच कुळातले आहेत आणि त्यांचा प्रसार करण्यात जपानच्या अकेबोनो कंपनीचा मोठा वाटा आहे. थोडक्यात, काळे चाक हा गाडीतला बिघाड नसून बनवणाऱ्याने जाणूनबुजून केलेली निवड असते.

चामड्यापासून तांब्यापर्यंत

घर्षणासाठी काय झिजवायचे हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ पतीने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी वाटेत एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगची ही पहिली प्रसिद्ध कथा. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाडीवाल्यांना उतारावर जुने बूट चाकाला लावताना पाहिले आणि 1897 मध्ये घर्षणद्रव्यांचा धंदा सुरू केला. त्यातून फेरोडो ही कंपनी उभी राहिली.

पुढे ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णता सोसते, स्वस्त असते, पण त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कर्करोगासारखे आजार होतात. युरोपने ते हद्दपार केले. त्याची जागा घेणाऱ्या मिश्रणांत तांब्याचे तंतू महत्त्वाचे ठरले, कारण तांबे उष्णता पसरवते आणि चिकटणारा थर छान जमवते. पण रस्त्यावर पडलेले तांबे पावसाच्या पाण्यासोबत नद्या-खाड्यांत जाते, आणि साल्मन माशांची गंध ओळखण्याची शक्ती त्याने बिघडते. म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2010 मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात पॅडमधले तांबे 2021 पासून वजनाच्या 5 टक्क्यांच्या आत आणि 2025 पासून 0.5 टक्क्याच्या आत आणावे लागले. आज खोक्यावर 'कॉपर-फ्री' असे छापलेले दिसते ते त्यामुळे.

पॅड निवडताना

बाजारात मुख्यतः चार जातींचे पॅड मिळतात.

सेंद्रिय पॅड मऊ, शांत आणि स्वस्त असतो. शहरातल्या लहान गाडीला तो पुरतो. मात्र भरलेल्या गाडीने लांब घाट उतरताना तो लवकर ढिला पडतो आणि मऊ असल्याने झिजतोही लवकर.

सिरॅमिक पॅडची पूड कमी, फिकट रंगाची आणि कमी चिकट असते. आवाज कमी, डिस्कवर मारा कमी. किंमत जास्त. थंड असताना पहिल्या दाबाला तो लो-मेटॅलिक पॅडइतका चावत नाही. जर्मन गाडीला तो बसवला, तर पेडल थोडे वेगळे वाटणार हे धरून चालावे.

लो-मेटॅलिक पॅडमध्ये साधारण 10 ते 30 टक्के धातू असतो. पकड उत्तम, पूड सर्वांत जास्त.

सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचे प्रमाण 30 टक्क्यांपासून 65 टक्क्यांपर्यंत जाते. उष्णता तो चांगली सोसतो, म्हणून जड वाहनांना आणि ओझे ओढणाऱ्या गाड्यांना तो योग्य. आवाज आणि पूड दोन्ही असतात.

'सिरॅमिक' हा शब्द खोक्यावर छापायला फारसे काही लागत नाही. त्यापेक्षा पॅडच्या कडेवर किंवा पाठपट्टीवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरे पाहावीत. पहिले अक्षर थंड ब्रेकचा घर्षणांक सांगते, दुसरे तापलेल्या ब्रेकचा. 'ई' म्हणजे 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45 आणि 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. मूळ पॅडवर 'जीजी' असेल आणि दुकानदार कमी पुडीचा म्हणून 'ईई' देत असेल, तर चाके स्वच्छ राहतील, पण थांबायला जास्त अंतर लागेल. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर पॅड तापल्यावर पकड घटते. घाटात राहणाऱ्याने असा पॅड घेऊ नये. आणि स्वच्छ रिमसाठी एक पायरी खाली उतरणे कोणीच करू नये.

नकली माल हा वेगळाच धोका आहे. नामांकित कंपनीच्या खोक्यात भलताच पॅड मिळू शकतो. छपाई पुसट असेल, वडी पाठपट्टीपासून सुटल्यासारखी दिसत असेल किंवा किंमत बाजारभावाच्या फारच खाली असेल, तर तो माल घेऊ नये. अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे.

डिस्क निवडताना

डिस्कच्या बाबतीत ग्राहक सर्वांत जास्त फसतो तो दिसण्यावरून. भोके पाडलेल्या किंवा चरे मारलेल्या डिस्क शर्यतीच्या गाड्यांत दिसतात, म्हणून त्या श्रेष्ठ असाव्यात असे वाटते. जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट देण्यासाठी ही भोके आणि चरे आले. आजच्या पॅडला त्याची गरज फार कमी असते. चऱ्याची धार मात्र प्रत्येक फेऱ्यात पॅडचा पृष्ठभाग तासत राहते, म्हणजे पूड वाढते. भोकांच्या कडांपाशी उष्णतेने बारीक तडे जाण्याचीही शक्यता असते. पूड कमी हवी असेल, तर मूळ मापाची, गुळगुळीत आणि मधून हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्कच घ्यावी. मूळ डिस्क एकसंध प्रकारची असेल तर तशीच घ्यावी, कारण जाड डिस्क पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये बसत नाही.

'हाय-कार्बन' डिस्क थोडी महाग असते. तिच्या बिडात कार्बन जास्त असतो, त्यामुळे ती उष्णता लवकर पसरवते आणि आवाज जिरवते. पुडीवर तिचा परिणाम अप्रत्यक्ष असतो: डिस्क कमी तापली की पॅडही कमी जळतो. गंजरोधक लेप दिलेली डिस्क समुद्रकाठच्या गाडीसाठी घ्यावीच. घर्षणाच्या पट्ट्यावरचा लेप पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, पण मधला भाग, कडा आणि आतल्या हवेच्या वाटा गंजत नाहीत. रत्नागिरी-मालवणकडे चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क तांबूस होते आणि पहिल्या ब्रेकला तो गंज खरवडून चाकावर उडतो. हलका गंज आपोआप जातो. खोल गंज पॅडही खातो.

पूड जवळजवळ संपवणारी डिस्क तयार झालेली आहे, पण ती महाग आहे. 2017 मध्ये बॉशने बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा अतिशय कठीण थर दिलेली डिस्क आणली. पूड 90 टक्क्यांपर्यंत कमी होते असा कंपनीचा दावा आहे, आणि किंमत साध्या डिस्कच्या सुमारे तिप्पट. त्याच वर्षी पोर्शेने कायेन या गाडीत अशाच जातीचे ब्रेक दिले आणि त्यांच्या कॅलिपरना मुद्दाम पांढरा रंग दिला. पांढरे कॅलिपर पांढरेच राहतील हे दाखवायचे होते. कार्बन-सिरॅमिक डिस्क ही आणखी वरची पायरी. ती हलकी असते, गंजत नाही आणि पूड नगण्य करते, पण तिची किंमत लाखांत जाते. सामान्य गाडीसाठी तो विचार नको.

डिस्कच्या मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, 'मिन टीएच' अशी. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरू नये. किमान जाडीच्या वर असलेली, पण कडेला ओठ आलेली किंवा खोल रेषा पडलेली डिस्क घासून घ्यावी किंवा बदलावी. खडबडीत डिस्कवर महाग सिरॅमिक पॅड बसवला, तर डिस्क त्याला किसते आणि पैसे वाया जातात. एकाच अॅक्सलवरची दोन्ही चाके नेहमी एकत्र करावीत.

बसवणे आणि मुरवणे

चांगला पॅड आणि चांगली डिस्क घेऊनही पूड कमी होत नाही, तेव्हा दोष बहुधा बसवण्यात असतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या किंवा गंजल्या, तर ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला टेकून राहतो. पुढच्या दोन चाकांपैकी एकच जास्त काळे दिसत असेल, तर पॅडची जात बदलण्याआधी या पिना पाहाव्यात. पिनांना लागणारे ग्रीसही उष्णता सोसणारे, ब्रेकसाठीचेच हवे.

नवीन जोडी मुरवावी लागते. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, ताशी 50-60 किलोमीटरवरून 15-20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा. पूर्ण थांबू नये आणि दर दोन ब्रेकमध्ये डिस्क थोडी गार होऊ द्यावी. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता जावे. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळावी. या मुरवण्याने डिस्कवर एकसारखा थर बसतो. तो ठिकठिकाणी कमी-जास्त बसला की ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते आणि 'डिस्क वाकली' असे निदान होते. खरे तर बहुतेकदा डिस्कच्या जाडीत बारीक फरक पडलेला असतो.

चाकाच्या आतल्या बाजूला बसवायच्या, पूड अडवणाऱ्या थाळ्याही विकल्या जातात. रिम स्वच्छ राहतात हे खरे, पण ब्रेकला लागणारा वारा अडतो. त्या घेऊ नयेत.

पाय आणि घाट

सर्वांत स्वस्त उपाय चालवणाऱ्याच्या पायात असतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणजे सिग्नलला पोहोचण्याआधी ताशी 60 चा वेग 30 वर आपोआप उतरू दिला, तर ब्रेकचे तीन चतुर्थांश काम वाचते. आंबोली किंवा ताम्हिणी घाट उतरताना जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन गाडीला मागे धरते आणि ब्रेक थंड राहतो. डिस्कचे तापमान साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पॅडमधले रेझिन विघटित होऊ लागते आणि अतिसूक्ष्म कण झपाट्याने वाढतात. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा चालक पूड पाडतो आणि पकडही गमावतो. इलेक्ट्रिक गाडीत मोटारच वेग खेचून घेते आणि बॅटरी भरते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षे टिकतात. फोक्सवागनने आयडी.3 या गाडीला मागे पुन्हा ड्रम ब्रेक दिले ते याच कारणाने. कमी वापराचा ब्रेक ड्रममध्ये गंजापासून सुरक्षित राहतो.

चाके धुताना डिस्क गार होऊ द्यावी. आम्लयुक्त क्लीनर अलॉयचा रंग खातो. लोखंड काढणारा वेगळा क्लीनर मिळतो. तो फवारला की जांभळा होतो, कारण त्यातले रसायन लोखंडाच्या कणांशी संयोग पावते. गॅरेजमध्ये ब्रेकवर हवेचा फवारा मारून पूड उडवायची सवय मात्र मोडायला हवी. ओल्या फडक्याने पुसावे, नाहीतर ती पूड मेकॅनिकच्या फुप्फुसात जाते.

न दिसणारी पूड

इथे स्वच्छ रिमच्या आनंदाला थोडी मर्यादा घालावी लागते. ब्रेकमध्ये झिजलेल्या द्रव्याचा बराच भाग चाकावर बसतच नाही, तो हवेत मिसळतो. सिरॅमिक पॅडची पूड फिकट असते, म्हणून नजरेला कमी वाटते. दिसत नाही म्हणजे उडत नाही असे मात्र नाही. भारतातल्या बीएस 6 नियमांत आणि युरोपच्या युरो 6 मध्ये एक्झॉस्टमधून येणाऱ्या कणांवर किलोमीटरला 4.5 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ब्रेकच्या कणांवर मात्र काहीच नाही. 2024 मध्ये मंजूर झालेल्या युरो 7 ने ती प्रथमच घातली: पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिड मोटारींना किलोमीटरला 7 मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला 3. नव्या मॉडेलांना ती नोव्हेंबर 2026 पासून लागू होणार आहे. 7 मिलिग्रॅमचा हिशेब मांडला, तर वर्षाला 10,000 किलोमीटर चालणाऱ्या एका गाडीचे 70 ग्रॅम कण होतात. कठीण लेपाच्या डिस्क या नियमामुळे पोर्शेबाहेरच्या गाड्यांतही येऊ लागतील.

तोवर आपल्या हातात असलेल्या गोष्टींचा क्रम असा: आधी कॅलिपरच्या पिना तपासा, मग घर्षणाची अक्षरे मूळ पॅडशी जुळणारा सिरॅमिक किंवा सेंद्रिय पॅड निवडा, त्याच्यासोबत गुळगुळीत आणि किमान जाडीच्या वर असलेली डिस्क ठेवा, जोडी नीट मुरवा आणि ब्रेक कमी लागेल अशी गाडी चालवा. पुढच्या वेळी चाक उघडले जाईल तेव्हा गॅरेजमध्ये उभे राहून पॅडची उरलेली जाडी स्वतः पाहा. ती 3 मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर रिम कितीही स्वच्छ असोत, पॅड त्याच दिवशी बदलून घ्या.